सिलिअ‍ॅक असताना: गिरणीपासून रक्ततपासणीपर्यंत काय करायचे आणि कोणत्या क्रमाने

सिलिअ‍ॅकचे निदान झाले की घरात पहिल्यांदा पोळी बंद होते. मग कुणीतरी सांगते आणि हिंगाची डबी कचऱ्यात जाते. ज्वारी मात्र पूर्वीच्याच गिरणीत, शेजारणीच्या गव्हापाठोपाठ दळली जाते. सहा महिन्यांनी रक्ताचा अहवाल येतो, आकडा चढाच असतो, आणि घरातले म्हणतात, "आम्ही तर गव्हाला हातही लावत नाही."

हा लेख अशा घरांसाठी आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते, हा आजार जन्मभराचा आहे आणि ग्लुटेन पूर्ण टाळणे हाच उपचार, एवढे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून पुढे जातो. औषधांचे आणि तपासण्यांचे निर्णय तुमच्या पोटविकारतज्ज्ञांबरोबरच घ्या. त्यांना नेमके काय विचारायचे ते इथे सापडेल.

## आधी एक हिशेब

३० ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण अडीच ते तीन ग्रॅम, म्हणजे अडीच-तीन हजार मिलिग्रॅम ग्लुटेन असते. सिलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसते असे मानतात. रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने पोटात गेले तर अस्तर बिघडते, हे प्रत्यक्ष तपासून पाहिलेले आहे. दहा मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा अडीचशे-तीनशेवा भाग, नखावर मावेल एवढा तुकडा.

'ग्लुटेनमुक्त' असे छापायचे असेल तर पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा हीच आहे. असे अन्न दिवसाला अर्धा किलो खाल्ले तरी १० मिलिग्रॅमच्या आत राहता येते.

हे आकडे डोक्यात असले की "महिन्यातून एकदा अर्धी पोळी चालते" म्हणणाऱ्या नातेवाइकांना उत्तर देता येते. कशाची काळजी आधी करायची तेही कळते. माझ्या मते बहुतेक मराठी घरांत धोक्याचा क्रम असा असतो: गिरणी, स्वयंपाकघर, बाहेरचे खाणे आणि मग हिंगासारख्या बारीक गोष्टी. लोक नेमके उलट्या बाजूने सुरुवात करतात.

## टप्पा १: गहू सोडण्याआधी निदान पक्के करा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. पोट फुगते, जुलाब होतात, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, मुलाची उंची वाढत नाही. अशा वेळी कुणीतरी सुचवते, "गहू बंद करून बघा." बरे वाटते. तीन महिन्यांनी तपासणी होते आणि ती निगेटिव्ह येते, कारण गहू थांबल्यावर रक्तातली प्रतिपिंडे उतरलेली असतात.

१. रोजच्यासारखी पोळी चालू असतानाच टीटीजी-आयजीए ही या आजाराची प्रतिपिंडे मोजणारी रक्ततपासणी करा.

२. त्याच नमुन्यात एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजायला सांगा. काहींच्या शरीरात आयजीए जन्मतःच कमी असते. त्यांची टीटीजी-आयजीए आजार असूनही निगेटिव्ह येते आणि त्यांना आयजीजी प्रकारची चाचणी लागते.

३. टीटीजी वाढलेली असेल तर एंडोस्कोपी आणि बायोप्सी. ड्युओडेनम या लहान आतड्याच्या पहिल्या भागातून किमान चार तुकडे आणि त्याच्या सुरुवातीच्या बल्ब या भागातून एक-दोन घेतले जावेत. इजा ठिपक्याठिपक्यांनी असू शकते. एकच तुकडा घेतला तर ती निसटते. एंडोस्कोपीच्या आधी हे विचारायला संकोचू नका.

४. मुलांत टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या रक्तनमुन्यात ईएमए ही प्रतिपिंडांची दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह असेल, तर बायोप्सीशिवाय निदान करता येते, असे युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. तुमच्या मुलाला हे लागू होते का, ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

गहू आधीच सोडला असेल तर: डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पुन्हा गहू खाऊन मग तपासणी करतात. साधारण रोज किमान ३ ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे एक-दोन पोळ्या, दोन ते आठ आठवडे. पाच वर्षांखालच्या मुलांत आणि वयात येण्याच्या काळात हे सहसा टाळतात. दुसरा उपाय एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकचाचणी. तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. ती निगेटिव्ह आली तर सिलिअ‍ॅक जवळपास नाहीच. पॉझिटिव्ह आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ही जनुके कितीतरी निरोगी लोकांतही असतात.

सावधान: बायोप्सीत आतड्याच्या लव सपाट दिसल्या पण टीटीजी निगेटिव्ह असेल, तर लगेच सिलिअ‍ॅकचा शिक्का मारून घेऊ नका. आपल्याकडे ट्रॉपिकल स्प्रू आणि काही जंतुसंसर्गांतही असेच दिसते. त्यांचे उपचार वेगळे आहेत आणि ते आजार बरे होतात. एकाच रक्तनमुन्यावर शंभर-दोनशे पदार्थांची 'असहिष्णुता' सांगणाऱ्या महागड्या पॅनेलवर तर पैसे घालवूच नका. सिलिअ‍ॅकच्या निदानात त्यांना जागा नाही.

## टप्पा २: पहिल्या दिवशीची फाइल तयार करा

निदानाच्या वेळचे आकडे हाताशी नसतील तर वर्षभराने सुधारणा किती झाली ते सांगता येत नाही. एका फाइलमध्ये हे ठेवा: टीटीजीचा आकडा आणि त्याच प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा, बायोप्सीचा पूर्ण अहवाल (अस्तराला किती इजा झाली ते सांगणाऱ्या मार्श श्रेणीसह), हिमोग्लोबिन, फेरिटिन, फोलेट, बी१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, यकृताच्या चाचण्या, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि वजन. मुलांसाठी उंचीचा तक्ताही.

मोठ्यांनी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी निदानाच्या वेळी किंवा पहिल्या वर्षात करावी का, ते विचारा. कॅल्शियम वर्षानुवर्षे नीट शोषले गेलेले नसते आणि हाडे न दुखताच ठिसूळ होतात. या आजारात काहींची प्लीहा नीट काम करत नाही, म्हणून न्यूमोकोकल लशीबद्दलही विचारा. हिपॅटायटिस बीच्या लशीला प्रतिसाद कमी मिळालेला असू शकतो, त्याची पातळी रक्तात मोजता येते.

तपासून पाहा: टीटीजी दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करता येईल ना? वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

## टप्पा ३: गिरणी

आता खरे काम. घटकांची यादी वाचून हा धोका दिसत नाही, कारण पिशवीवर "ज्वारी" एवढेच असते.

समजा गिरणीत तुमच्या आधी गहू दळला आणि चक्कीत, नळीत, कापडात मिळून फक्त १० ग्रॅम कणीक उरली. एक मोठा चमचा. त्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम ग्लुटेन. ते तुमच्या ५ किलो ज्वारीत मिसळले की किलोमागे १८० मिलिग्रॅम होते, ग्लुटेनमुक्त मर्यादेच्या नऊपट. दिवसाला तीन भाकऱ्यांचे २०० ग्रॅम पीठ धरले तर रोज ३६ मिलिग्रॅम पोटात जाते. गव्हाला हातही न लावता.

आधी धान्य. सुट्या धान्याच्या दुकानात गव्हाच्या पोत्यातले माप ज्वारीच्या पोत्यात जाते. शेतकऱ्याकडून थेट घेत असाल तरी शाळू आणि गहू दोन्ही रब्बीचे, मळणीयंत्र बहुधा तेच. बंद पाकिटातले धान्य घ्या आणि तरीही ताटात थोडे थोडे पसरून निवडा. शाळूच्या गोल दाण्यांत गव्हाचा लांबट दाणा चटकन दिसतो. बाजरी आणि नाचणी बारीक असल्याने योग्य चाळणीने गहू वर राहतो. मग धुवून, कडक वाळवून ठेवा. नुसते धुण्याने दाणा निघत नाही, निवडावाच लागतो.

मग दळण. सोयीप्रमाणे, चांगल्या पर्यायापासून खाली:

१. घरघंटी, आणि ती फक्त ग्लुटेनमुक्त धान्यांसाठी. बाकी घर गहू खात असेल तर गहू बाहेर दळा आणि ज्वारी घरी. बहुतेक घरे नेमके उलटे करतात, कारण गहू जास्त लागतो. गव्हावर चाललेली जुनी घरघंटी स्वस्तात मिळाली तरी नको. जाळ्या आणि पीठ साठायची पेटी कधीच पूर्ण साफ होत नाही.

२. घरी जाते असेल, किंवा थोड्या पिठासाठी मिक्सरचे नवे भांडे. कष्ट आहेत, पण लहान मुलाच्या नाचणीसाठी पुरते.

३. ग्लुटेनमुक्त म्हणून तपासलेले पाकीटबंद पीठ. पाकिटावर नुसते "ज्वारीचे पीठ" लिहिलेले पुरत नाही. ते कारखान्यातल्या गव्हाच्याच चक्कीवर दळलेले असू शकते. बचतगटाकडून घेत असाल तर "याच यंत्रावर आणखी काय दळता?" एवढाच प्रश्न विचारा.

४. बाहेरची गिरणी, पण वेगळी चक्की. काही गिरण्यांत तांदळासाठी किंवा उपवासाच्या दळणासाठी चक्की वेगळी ठेवतात. उपवास काटेकोर पाळणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे हा वेगळेपणा आधीच पाळला जातो, त्याचा फायदा घ्या. पीठ पडते त्या तोंडाला बांधायचे कापड घरून न्या आणि डबाही स्वतःचा.

५. वरचे काहीच शक्य नसेल तर सकाळी गिरणी उघडताच, चक्की झाडून घेऊन, आधी दोन किलो स्वस्त तांदूळ दळून घ्या. ते पीठ घरातल्या इतरांसाठी. त्यानंतर तुमचे धान्य. याने धोका कमी होतो, संपत नाही. कायमची व्यवस्था म्हणून यावर विसंबू नका.

सावधान: "पीठ भाजले की ग्लुटेन जळून जाते" हे खरे नाही. भाजणे, तळणे, उकडणे, कशानेही ते इतके नष्ट होत नाही की पदार्थ सुरक्षित व्हावा.

तपासून पाहा: शंका असेल तर पिठाचा नमुना एनएबीएल मान्यताप्राप्त अन्नप्रयोगशाळेत देऊन ग्लुटेन मोजून घेता येते. गिरणी ठरवताना एकदा हा खर्च केला तर रोजची धाकधूक जाते.

## टप्पा ४: स्वयंपाकघर

घरात रुग्ण असलेली व्यक्ती स्वयंपाक करणारी बाईच असेल, तर हा टप्पा दोनदा वाचा. ती सगळ्यांची कणीक मळते, पोळ्या लाटते, हवेत पीठ उडते. मग शेवटी त्याच परातीत, त्याच तव्यावर स्वतःपुरती भाकरी थापते. हा क्रम उलटायला हवा. तिची भाकरी आधी होऊन झाकली गेली पाहिजे आणि शक्य तर कणीक दुसऱ्या कुणी मळावी. मुलगा-नवरा पोळ्या लाटायला शिकले तर आणखी उत्तम. दोन-तीन माणसांचे घर असेल तर रात्रीचे जेवण सगळ्यांचेच भाकरी-भात करणे सोपे जाते आणि रुग्णाला वेगळे पाडल्यासारखेही होत नाही.

कामाचा क्रम असा:

१. ओटा ओल्या फडक्याने पुसा. कोरडे झाडल्याने पीठ उडून पुन्हा बसते. फडके आणि भांडी घासायची घासणीही वेगळी.

२. ग्लुटेनमुक्त स्वयंपाक आधी करून झाकून ठेवा.

३. मग पोळ्या. भाजीच्या कढईवर झाकण आहे ना ते बघा.

४. वाढताना ग्लुटेनमुक्त ताट आधी. पोळी मोडलेला हात भाकरीच्या डब्यात जाऊ देऊ नका.

वेगळे घ्यावेच लागेल ते: लाकडी पोळपाट-लाटणे, पिठाची चाळणी, भाकरीचा तवा, लाकडी उलथणे, पिठाचे डबे, टोस्टर असल्यास तोही. लाकडाच्या चिरांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ राहते. स्टीलची परात, कुकर, काचेची भांडी, साधी कढई मात्र साबणाने नीट घासली की पुरते. सगळी भांडी नवी घ्यायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात लोक घाबरून हजारो रुपये घालवतात आणि चाळणी तेवढी जुनीच राहते.

चुका कुठे होतात ते सांगतो. पोळीला तूप लावलेला चमचा पुन्हा तुपाच्या बरणीत जातो. लोणच्याच्या बरणीत पोळीचा कण पडतो. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणावडे तळले जातात. आमटी दाट करायला चमचाभर कणीक लावायची जुनी सवय हाताला असते. लहान मुलाला खेळायला कणकेचा गोळा दिला जातो, आणि तो तोंडात जातोच. तूप, लोणचे, दही यांची छोटी वेगळी बरणी करून तिच्यावर ठळक रंगाची पट्टी चिकटवा. पाहुणा आला तरी त्याला ती दिसते.

## टप्पा ५: वाण्याची यादी

पोळी, पाव, रवा, शेवया, दलिया हे सगळ्यांना माहीत असते. खाली फसवणारे पदार्थ आहेत.

थालीपीठाची भाजणी, मेतकूट, सातूचे पीठ. तिन्हींत गहू घालायची पद्धत आहे. भाजणी घरी गव्हाशिवाय करा: ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धने. थालीपीठ किंचित ठिसूळ होते, भिजवताना थोडी उकड घातली की जमते.

खपली गहू. यावर थोडे जास्त बोलावे लागेल. सध्या तो "पचायला हलका", "ग्लुटेन कमी" म्हणून दुप्पट-तिप्पट भावाने विकला जातो आणि सिलिअ‍ॅक असलेल्यांनाही आग्रहाने सुचवला जातो. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे आणि सिलिअ‍ॅकमध्ये तो पूर्ण वर्ज्य आहे. देशी, बन्सी, शरबती, सेंद्रिय, आंबवलेल्या पिठाचा पाव, कुणालाही सवलत नाही.

माल्ट. ते बहुधा जवापासून करतात. दुधात घालायच्या पावडरी, कॉर्नफ्लेक्स, काही चॉकलेटे आणि बिअर यांत सापडते. मक्याच्या कॉर्नफ्लेक्समध्ये चवीसाठी माल्ट असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

"नाचणीची" बिस्किटे, "मल्टिग्रेन" खाकरे, बाजारचे फरसाण. मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, आणि नाचणीच्या बिस्किटात अनेकदा पहिला घटक मैदा निघतो.

सोया सॉस, गुलाबजामचे मिश्रण, सोनपापडी, कुरडया. सगळ्यांत गहू किंवा मैदा येतो. गव्हांकुराच्या रसातही दाण्याचा अंश येण्याची शक्यता असते, तो सोडा.

ओट्स. शेतात आणि कारखान्यात गहू-जवाची भेसळ होते. ग्लुटेनमुक्त म्हणून तपासलेले नसतील तर नको. तपासलेले असले तरी टीटीजी उतरल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू करा.

हिंग. डबीतला बांधानी हिंग म्हणजे मूळ हिंग, डिंक आणि पीठ. पीठ बहुधा गव्हाचे. पाव ग्रॅमच्या चिमटीत निम्मे पीठ धरले तरी साधारण ११-१२ मिलिग्रॅम ग्लुटेन, आणि ते चौघांच्या आमटीत वाटले जाते. एका फोडणीने आभाळ कोसळत नाही. पण आपल्याकडे दिवसातून तीन-चार फोडण्या होतात, ताक-लोणचे वेगळेच. तांदळाच्या पिठातला हिंग किंवा खडा हिंग मिळत असताना ती जोखीम कशाला? पाकिटावरचे घटक वाचून घ्या, आणि मसाल्याच्या डब्यातली हिंगाची वाटी धुवायला विसरू नका.

औषधे. गोळ्यांत स्टार्च असतो, तो बहुधा मक्याचा. तरी रोजच्या गोळीबद्दल कंपनीला विचारून घ्या. काढे, चूर्णे आणि पौष्टिक पाकांत जव किंवा गव्हाचे सत्त्व आहे का ते वैद्यांना स्पष्ट विचारा.

ताटाचा तोल: गहू गेला की साबुदाणा, बटाटा, पांढरा भात आणि महागडी ग्लुटेनमुक्त बिस्किटे यांवर दिवस काढू नका. बद्धकोष्ठ होते आणि बऱ्या झालेल्या आतड्याने वजनही भराभर वाढते. ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा यांपैकी रोज काहीतरी, सोबत डाळ-उसळ आणि पालेभाजी. डब्यासाठी भाकरी कडक होते अशी तक्रार असेल तर उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढून, मळून, लाटून भाजा. दुपारपर्यंत मऊ राहते. सुरुवातीच्या काही महिन्यांत दुधाने पोट बिघडत असेल तर दही-ताक घ्या, दूध थोडे थांबवा. अस्तर सुधारले की बहुतेकांना ते परत पचते.

## टप्पा ६: बाहेर, सणावारी, प्रवासात

बाहेर साधारण दर्जाच्या ठिकाणी सर्वांत भरवशाची गोष्ट साबुदाणा खिचडी, त्यातही उपवासाचे पदार्थ वेगळे करणाऱ्या दुकानातली. इडली-डोसा ऐकायला सुरक्षित. पण पिठात रवा-मैदा घातला आहे का आणि त्याच तव्यावर रवा डोसा होतो का, ते विचारा. मिसळीत पावाचा चुरा आणि फरसाण, भेळेत पुरी, भज्यांच्या कढईत आणखी काय काय तळलेले.

कोकणात आणि गोव्यात मासळीचे ताट चांगले, पण सुरमई रव्यात घोळवलेली नको. तांदळाच्या पिठात आणि स्वच्छ तेलात करून देतील का, विचारा. कोंबडी-वड्यांच्या पिठात गहू असू शकतो. घावन आणि आंबोळी तांदळाच्या, त्या मागा.

सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. नाकारणे जड जात असेल तर हातात घेऊन कपाळाला लावा आणि शेजाऱ्याला द्या, कुणाचा अपमान होत नाही. यजमानांना आधी सांगितले तर राजगिऱ्याचा शिरा वेगळा होऊ शकतो. उकडीचे मोदक, श्रीखंड, अनारसे मुळात गव्हाविना होतात. तरी मोदकाचे पीठ कुठे दळले आणि अनारसे कोणत्या तेलातुपात तळले, ते विचारावे लागतेच. वसई आणि गोव्यातल्या कॅथलिक वाचकांसाठी: पवित्र कम्युनियनची भाकर गव्हाचीच असावी लागते, पण अत्यल्प ग्लुटेनची भाकर किंवा फक्त द्राक्षारस घेण्याची मुभा आहे. फादरांशी आधी बोला, आणि प्याला वेगळा ठेवायला सांगा. नेहमीच्या प्याल्यात भाकरीचा तुकडा पडतो.

लग्नात आचाऱ्याला "ग्लुटेन" म्हणून काही कळत नाही. "गहू, मैदा, रवा अजिबात नको, त्या भांड्यातला झाराही नको" असे सांगा. आणि तरीही घरून खाऊन निघा. पर्समध्ये राजगिऱ्याची वडी आणि शेंगदाणे असले की उपाशीपोटी तडजोड होत नाही.

## टप्पा ७: फेरतपासणीचे वेळापत्रक

बरे वाटायला लागले की लोक तपासणी सोडतात. लक्षणे काही आठवड्यांत कमी होतात, अस्तर भरून यायला मोठ्यांत वर्ष-दोन वर्षे किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. काहींना तर ग्लुटेन खाल्ल्यावर काहीच जाणवत नाही, त्यांच्यासाठी अहवाल हाच इशारा.

- सहा महिन्यांनी: टीटीजी, हिमोग्लोबिन आणि निदानाच्या वेळी कमी असलेले सगळे. टीटीजी सामान्य झालेली नसली तरी चालेल, उतरणीला लागलेली हवी.
- वर्षाने: पुन्हा तेच, शिवाय टीएसएच, यकृताच्या चाचण्या, वजन.
- त्यानंतर: आकडे स्थिर असतील तर वर्षातून एकदा. मुलांची उंची-वजन दर भेटीत.

तारीख लक्षात राहत नसेल तर ती वाढदिवसाच्या महिन्याला जोडा. लोह आणि ड जीवनसत्त्व स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षे घेत राहू नका, पातळी भरली की डोस बदलतो. थायरॉइडची गोळी चालू असेल तर विशेष लक्ष द्या. आतडे सुधारले की गोळी जास्त शोषली जाते आणि जुना डोस जास्त होऊ शकतो. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी टीटीजी, हिमोग्लोबिन आणि फोलेट बघून घ्या.

सावधान: टीटीजी सामान्य आली म्हणजे अस्तर पूर्ण भरले याची खात्री नाही. "आता थोडे खाऊन बघू" असा तिचा अर्थ तर मुळीच नाही.

## टप्पा ८: आकडा उतरत नसेल किंवा त्रास थांबत नसेल तर

सहा महिने ते वर्ष उलटूनही सुधारणा नसेल तर या क्रमाने जा.

१. चौदा दिवसांची वही लिहा. खाल्लेले सगळे, कुणी रांधले, पीठ कुठले, औषधे कोणती. रविवारचे बाहेरचे खाणे वगळू नका.

२. ही वही सिलिअ‍ॅकची माहिती असलेल्या आहारतज्ज्ञाला दाखवा. बहुतेक वेळा कारण इथेच सापडते, आणि बहुतेक वेळा ते पीठ असते.

३. वही स्वच्छ निघाली तर निदानाची फाइल पुन्हा उघडा. टीटीजी खरोखर वाढलेली होती का? बायोप्सीत काय होते?

४. मग डॉक्टर इतर कारणे शोधतील: दुधातली साखर न पचणे, लहान आतड्यात जंतूंची अतिवाढ, मोठ्या आतड्याची सूक्ष्म सूज, स्वादुपिंडाचा अशक्तपणा. आहार काटेकोर असूनही अस्तर न सुधारणारा सिलिअ‍ॅक दुर्मीळ आहे, पण त्याला विशेष केंद्रातले उपचार लागतात.

वजन पुन्हा घटू लागले, रात्री झोपमोड करणारे जुलाब, ताप किंवा शौचातून रक्त असेल तर वहीची वाट पाहू नका, लगेच दाखवा.

## टप्पा ९: घरातल्या बाकीच्यांची तपासणी

आई-वडील, भावंडे आणि मुले यांना सिलिअ‍ॅक असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, साधारण ५ ते १० टक्के. लक्षणे नसली तरी त्यांची टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए करा. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार असलेल्या नातेवाइकाला आधी न्या.

इथे पुन्हा पहिल्या टप्प्यातलीच चूक होते. एकाचे निदान झाले की सगळे घर उत्साहाने गहू सोडते आणि मग बाकीच्यांच्या तपासण्या निगेटिव्ह येतात. आधी सगळ्यांचे रक्त द्या, मग घरातला गहू कमी करा. लहान मुलांची तपासणी ते काही काळ नियमित गहू खाऊ लागल्यावर, साधारण दोन-तीन वर्षांच्या वयापासून करतात. आज निगेटिव्ह आली तरी पुढे आजार उद्भवू शकतो, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करतात. मुलाची एचएलए चाचणी एकदाच करून ती निगेटिव्ह आली, तर ही दर वेळची सुई टळते.